अस्वलाचा खाऊ

४ फेब्रुवारी

पाळणाघर सुरू होऊन महिना झाला. सकाळ बरी जाते. रंग असतात, ठोकळे असतात, रडणारं एखादं असलं तरी खिडकीतून रस्त्यावरची मांजर दाखवली की गप्प होतं. जेवणही निभतं. दुपार मात्र जीव काढते. सहा गाद्या, सहा मुलं, आणि एकाच्याही डोळ्यात झोप नाही.

मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवलीत. ती आईबापांसमोर तोंडातून निसटू नयेत म्हणजे मिळवली. जुळ्या एकमेकींकडे नुसत्या बघतात आणि फिदीफिदी सुटतात. गोगलगाय जेवण तासभर चघळते. वकील प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारतो. पैलवान सगळ्यांत लहान आणि सगळ्यांना ढकलतो. आणि रेडिओ. वय वर्षं चार, बंद करायचं बटणच नाही. आज गादीवर आडवी पडून सांगत होती, “मावशी, आईच्या दुकानात एक आजोबा आले. आईने त्यांना चष्मा लावला तर त्यांना आजी दिसली. मग ते म्हणाले, काढा काढा.” आता यावर रागवायचं कसं?

पण आज वरच्या मजल्यावरच्या सिस्टर खाली आल्या. केस मोकळे, डोळे लाल. इस्पितळात रात्रपाळी करतात आणि दुपारी झोपतात, नेमक्या आमच्या डोक्यावर. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, “रात्रभर उभी असते हो मी. दुपारी झोप नाही झाली तर एखाद्या पेशंटला माझ्या हातून भलतंच काहीतरी टोचलं जाईल. बघा काहीतरी. नाहीतर मला घरमालकांशी बोलावं लागेल.”

घरमालकांनी आधीच नाक मुरडत परवानगी दिलीय. एक तक्रार गेली की माझं दुकान बंद. दार लावून आत आले आणि तिथेच उंबऱ्यापाशी बसले.

ताई सगळं ऐकत होती. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर माझी वेणी तिनेच घातली आणि मला शाळेत तिनेच सोडलं. कापडाच्या दुकानात उभं राहून राहून गुडघे गेले म्हणून नोकरी सोडली आणि आता माझ्या मदतीला आलीय. म्हणाली, “छोटे, तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस? दुपारचं माझ्यावर सोड. मी बघते.”

९ फेब्रुवारी

झोपली. सगळी. रेडिओसुद्धा!

झालं असं की जेवणं आटपल्यावर ताई म्हणाली, “तू स्वयंपाकघर आवर, मी यांना घेऊन बसते.” मी भांडी घासून आले, तर खोलीत शुकशुकाट. दार किलकिलं केलं. निळे पडदे ओढलेले, गाद्या ओळीत, ताई मधोमध भिंतीला टेकून गुणगुणतेय आणि मुलं पालथी, उताणी, वेडीवाकडी झोपलेली. वकिलाच्या तोंडातून लाळ गळत होती. एवढा वाद घालणारा पोरगा, झोपेत किती निरुपद्रवी दिसतो.

पडदे मी स्वतः शिवले होते. जाड कापड घेतलं, अस्तर लावलं. हे म्हणाले होते, एवढं कशाला. आज यांना दाखवलं. म्हटलं, बघा, अंधार केला की अर्धं काम होतं.

१७ फेब्रुवारी

आता रोज तेच. जेवण, ताईचा खाऊ, गादी, झोप. दुपारी मला चक्क वेळ मिळतो. ही वहीसुद्धा आता उजेडात लिहितेय, समोर चहा ठेवून.

वरच्या सिस्टर जिन्यात भेटल्या. चेहऱ्यावर तजेला. “अहो, काय जादू केलीत? दुधात काही घालता की काय?” आम्ही दोघी हसलो. मी त्यांना पडद्यांचं सांगितलं. त्यांनाही तसेच शिवून हवेत.

ताईचं खरंच कौतुक वाटतं. स्वतःच्या पैशाने खाऊ आणते. लाल, मऊ, अस्वलाच्या आकाराच्या गोळ्या. मुलं तिच्यासमोर चोचा उघडून बसतात, घरट्यातल्या पिल्लांसारखी. “मोठी मावशी, अस्वल! मोठी मावशी, मला लाल!” सगळीच लाल असतात. मी म्हटलं, “दातांना चिकटतील गं.” तर म्हणाली, “एवढ्याने काही होत नाही. आणि खाऊशिवाय ही गादीवर येतात का?” तिच्या हाताला गुण आहे, तो खाऊला मिळो की गाण्याला.

रेडिओची आई काल न्यायला आली तेव्हा म्हणाली, “हल्ली घरीही आठ वाजले की आडवी होते. तुमच्याकडच्या शिस्तीने फरक पडला हो.” बाई एकटीच आहे बिचारी. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी, घरी आली की ही अखंड बडबड. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलंय. तिने माझे हात हातात घेतले. मला इतकं बरं वाटलं की ती गेल्यावर आरशात उगाचच स्वतःकडे बघितलं.

चौकशीला अजून दोघी येऊन गेल्या. एकीने विचारलं, “दुपारी झोपवता ना नक्की?” मी म्हटलं, “बिनघोर सोडा.”

२६ फेब्रुवारी

मनाला काहीतरी टोचतंय. काय ते नीट सांगता येत नाही.

जुळ्यांचे बाबा सकाळी म्हणाले, “मावशी, दुपारी जरा कमी झोपवा. रात्री बारा-बारापर्यंत घरात धुडगूस असतो.” ते हसतच म्हणाले, पण माणूस थकलेला होता. गोगलगाईने या आठवड्यात दोनदा गादी ओली केली, आधी कधी केली नव्हती. आणि आज पैलवान झोपेतून किंचाळत उठला. डोळे उघडे, पण मला ओळखेना. कडेवर घेतला तर अंग घामाने भिजलेलं. बराच वेळ नुसता हुंदके देत राहिला. ताई म्हणाली, “काहीतरी भलतंसलतं टीव्हीवर पाहिलं असेल घरी.” असेल. हवाही बदलतेय.

ताईच्या कपाटात सुईदोरा शोधत होते. मागे, चादरींच्या घडीआड, एक डबा होता. पांढरा, गुबगुबीत. त्यावर रात्रीची टोपी घालून चंद्रावर झोपलेलं अस्वल. ‘शांत झोपेसाठी. नैसर्गिक. लहान मुलांसाठी खास.’ मी तो हातात घेतला. अर्धा रिकामा होता. झाकण उघडलं तर गोड वास आला.

ताईला रात्री झोप येत नाही हे मला माहीत आहे. गुडघे दुखतात, कूस बदलत राहते. मोठ्यांच्या गोळ्या जड पडत असतील म्हणून मुलांच्या घेत असेल. बिचारी कुणाला काही सांगत नाही. आता मीच विचारलं तर ओशाळेल.

डबा होता तसा ठेवला. कपाट लावलं. सुईदोरा सापडलाच नाही.

५ मार्च

रेडिओला आज तिच्या आईने खांद्यावर टाकून आणलं. “थोडी सर्दी आहे. रात्री जागली, म्हणून आता पेंगतेय.” मुलगी जमिनीवर उभी राहिली ती डुलतच. सकाळभर एका कोपऱ्यात ठोकळा हातात धरून बसली. मी विचारलं, “आज आजोबांची गोष्ट नाही का?” तर म्हणाली, “उद्या.”

तिच्याकडून कधी असं ‘उद्या’ ऐकलं नव्हतं. ताईला म्हटलं, हिला आज लवकर झोपव.

(हे नंतर लिहितेय.) असं मी म्हटलं. मीच म्हटलं.

६ मार्च, इस्पितळ

अक्षर बघवत नाही. पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल दुपारी बाकीची मुलं उठली. पैलवानाचं सगळ्यांना ढकलून झालं, दुधाचे पेले मांडून झाले. रेडिओ झोपलेलीच होती. मी म्हटलं, सर्दी आहे, झोपू दे. वकील तिच्याजवळ गेला, तिच्या कानाशी ओरडला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, “ही का उठत नाही?”

मी हाक मारली. गाल थोपटले. उचललं, तर मान माझ्या दंडावरून मागे कलली, ओल्या कपड्यासारखी. श्वास होता. पण इतका मंद, की मला तो सापडायला वेळ लागला.

मी जिन्यात जाऊन ओरडले. काय ओरडले आठवत नाही. सिस्टर अनवाणी खाली आल्या. त्यांनी पोरीच्या छातीच्या मधल्या हाडावर बोटांची पेरं घासली, जोरात. ती कण्हली, पापण्या किंचित हलल्या, पुन्हा मिटल्या.

“हिला काय दिलंय?”

“काही नाही हो. जेवण. सर्दी आहे तिला...”

“काय दिलंय विचारतेय मी!”

दारातून ताईचा आवाज आला. “दोन.”

“दोन काय?”

ताई आत गेली आणि डबा घेऊन आली. चंद्र, टोपी, अस्वल. माझ्याकडे तिने बघितलं नाही. “रोज एकच देते मी. सगळ्यांना एकेक. आज ही आल्यापासून मलूल होती, म्हटलं चांगली झोपली की बरी होईल, म्हणून दोन. औषध नाहीये हो ते. खाऊच आहे. दुकानात खाऊच्याच शेजारी ठेवलेलं असतं.”

सिस्टरचा तोवर रुग्णवाहिकेला फोन लावून झाला होता. डबा त्यांनी माझ्या हातात कोंबला. “हा डॉक्टरांना दाखवा. तुम्ही हिच्याबरोबर जा, बाकीची मी बघते.” मग ताईकडे वळल्या. “आणि तुम्ही कुणाला काही देऊ नका. पाणीसुद्धा नाही.”

ताईच्या तोंडावर चपराक बसावी तसं झालं. मला तिच्याकडे बघवलं नाही आणि थांबायला वेळही नव्हता.

इस्पितळात मुलीच्या बोटाला चिमटा लावला, छातीला तारा लावल्या. पडद्यावर रेघ वरखाली होत होती आणि मी त्या रेघेला मनात हात जोडत होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केसांत पेन खोचलेलं. तेवढ्यात रेडिओची आई धावत आली. तशीच दुकानातून निघालेली. डोक्यावर चष्म्याची एक फ्रेम, काचा नसलेली. तिला पत्ताच नव्हता.

मी सगळं सांगितलं. डबा दाखवला. ती माझ्या अंगावर आली नाही. नुसती म्हणाली, “विश्वासाने सोडली होती मी. तुमच्याकडे.” याच्यापेक्षा तिने मारलं असतं तर चाललं असतं.

डॉक्टरीणबाई डबा फिरवून फिरवून वाचत होत्या. “दोन गोळ्यांनी इतकी गुंगी सहसा येत नाही. आता डब्यावर लिहिलंय तेवढंच आत असेल याचा काही भरवसा नाही. हे औषध म्हणून विकत नाहीत, त्यामुळे औषधासारखं तपासलंही जात नाही. कधी लिहिल्यापेक्षा कमी निघतं, कधी कितीतरी जास्त. पण तेच कारण आहे असं धरून मी बसू शकत नाही. पडली होती का? डोक्याला मार? ताप?” मग आईकडे बघून, “घरी काही दिलं होतंत? कसलंही?”

“नाही,” ती म्हणाली. लगेच म्हणाली.

“मग मला डोक्याचा फोटो काढावा लागेल. त्यात काही नाही मिळालं तर मेंदूला संसर्ग आहे का ते बघायला पाठीत सुई घालून पाणी काढावं लागेल. तयारी करायला सांगते.”

आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. मध्ये एक जागा मोकळी. ती पर्सचं बक्कल उघडत होती, लावत होती. मला वाटलं, रागाने करतेय. मला एवढंच दिसत होतं, की त्या चिमुकल्या पाठीत सुई जाणार आणि ते माझ्या घरामुळे होणार. आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“मी तो डबा आधी पाहिला होता.”

तिने मान वळवली.

“ताईच्या कपाटात. आठवड्यापूर्वी. हातात घेतला, वाचला, आणि परत ठेवला. ताई स्वतःसाठी घेत असेल असं मी मनाला सांगितलं. पण मुलांच्या ओठांना लागलेला लाल रंग मला दिसत होता. विचारलं असतं तर थांबवावं लागलं असतं. मग दुपारी मुलं झोपली नसती. म्हणून नाही विचारलं.”

बोलून झाल्यावर मला माझ्याच आवाजाची भीती वाटली. हे मी इथे वहीतही लिहिलं नव्हतं. मागची पानं आत्ता उलटून बघितली. लिहिलंय, पण असं नाही लिहिलेलं.

तिने बक्कल लावलं. मग उठली, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. दार लावलं नाही. मला सगळं ऐकू येत होतं.

“मी खोटं बोलले. मी पण देते. रात्री. हाच डबा, याच कंपनीचा. आधी एक देत होते, आता दोन. तरी रात्री उठते, नाचते, बोलत बसते. आणि मला सकाळी दुकान उघडायचं असतं. आज सकाळी सर्दीचं सिरप दिलं, त्याने गुंगी येते म्हणून. दोन चमचे जास्तच. सुई नका टोचू तिला. मीच दिलंय.”

मग नुसतं रडणं.

डॉक्टरीणबाईंचा आवाज शांत होता. “बसा. बाटली कुठली, केव्हा, किती, सगळं सांगा. तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. आता मला दिशा मिळाली.”

सुई घातली नाही. रात्रभर तारा लावून नजरेखाली ठेवायचं ठरलं. आम्ही दोघी तिच्या खाटेच्या दोन बाजूंना बसून राहिलो, डोळ्यांत तेल घालून. कधीतरी मी हात लांब करून तिच्या डोक्यावरची ती फ्रेम काढली आणि तिच्या पर्सवर ठेवली. तिने काढू दिली.

उजाडता उजाडता पोरगी हलली. डोळे उघडले. छताकडे बघितलं, मग बोटाला लावलेल्या चिमट्याकडे.

“हे कुणाचं आहे?”

आईला रडू फुटलं. मीच म्हटलं, “इस्पितळाचं.”

“मग त्यांना सांगा, मला टोचतंय.” थोडं थांबून, “आणि भूक लागलीय. आणि माझी चप्पल कुठंय? आणि आई का रडते?”

जीव भांड्यात पडला. मी बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि तिथेच खाली बसले.

७ मार्च

घरी. पाळणाघर बंद ठेवलंय. सिस्टरनी सगळ्यांच्या आईबापांना ‘घरात अडचण आहे’ एवढंच सांगितलं होतं, बाकीचं माझ्यावर सोडलं होतं. शिवाय सगळ्या मुलांना तपासून, ती नीट जागी आहेत बघूनच घरी पाठवलं. आणि मग तशाच, न झोपता, रात्रपाळीला गेल्या.

ताई स्वयंपाकघरात बसली होती. कालपासून जेवली नव्हती.

मी म्हटलं, “तू मला विचारायचंस तरी.”

“विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस.”

“मग?”

“मग बंद पडलं असतं तुझं हे सगळं. वरची आली होती तेव्हा तुझं तोंड बघवत नव्हतं, छोटे. दुकानदार म्हणाला, सगळे नेतात, मुलांचंच आहे, नैसर्गिक आहे. मी काय विष घालणार होते का पोरांना?” मग खाली बघत म्हणाली, “आणि तू काही अगदीच आंधळी नव्हतीस. माझ्या कपाटातल्या चादरींची घडी बदलली होती. मला वाटलं, बघून गप्प बसलीस म्हणजे चालतंय तुला.”

मी तिच्यासमोर बसले. दोघी रडलो, पण एकमेकींना जवळ घेतलं नाही. लहानपणी मला काही लागलं की ती आधी धपाटा घालायची, मग जवळ घ्यायची. आज दोन्ही राहिलं.

मी सांगितलं, “ताई, यापुढे मुलांना हात लावायचा नाहीस. तू इथे राहा, हे तुझंच घर आहे. पण मुलांना नाही.”

ती हो म्हणाली. एवढ्या लगेच म्हणाली की मला तेच सहन झालं नाही.

रात्री यांनी विचारलं, “बाकीच्यांना काय सांगणार?” मी म्हटलं, मुलं तर सगळी बरी आहेत, उगाच घाबरवायचं कशाला. बोलता बोलताच मला कळलं, की मी पुन्हा कपाट लावतेय. हे माझ्याकडे बघत राहिले.

९ मार्च

सांगितलं. फोनवर नाही. प्रत्येकाच्या घरी जाऊन, समोर बसून. आधी औषधाच्या दुकानात गेले होते, ताई जिथून आणायची तिथे. गल्ल्याशेजारी टूथपेस्ट, चॉकलेट आणि मधल्या फळीवर अस्वलांची रांग, बरोबर चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर. दुकानदार म्हणाला, “बाई, हे औषधच नाही. म्हणून तर चिठ्ठी लागत नाही.” मी विचारलं, “मुलाने डबाभर खाल्ल्या तर?” तो म्हणाला, “डबा वर ठेवायचा.” आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याच्याशी भांडायला गेले होते खरं, पण मी कोणत्या तोंडाने भांडणार?

गोगलगाईच्या आईने ऐकून घेतलं आणि उठून दार उघडलं. बस, तेवढंच. वकिलाच्या वडिलांनी तक्रार करणार म्हणून सांगितलं. करा म्हटलं. जुळ्यांचे बाबा म्हणाले, “म्हणजे त्या दुपारी गोळीने झोपायच्या म्हणून रात्री आम्हाला जागवायच्या. आणि मी तुम्हाला हसत सांगत होतो.”

पैलवानाच्या आईने मात्र सगळं ऐकलं, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “कुठल्या कंपनीच्या होत्या त्या? आमचा घरी काही केल्या झोपत नाही हो.”

मी तिच्या हाताला धरून बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती ओली गादी, ते किंचाळणं, ती मान माझ्या दंडावरून कलली ते. ती रडायला लागेपर्यंत सांगितलं. मला माहीत आहे, हे बरं केलं नाही. पण दुसरं काही सुचेना.

सगळीकडे ताई माझ्याबरोबर होती. मी नको म्हटलं होतं. गुडघे दुखतात, इतके जिने चढवणार नाहीत. तिने ऐकलं नाही. प्रत्येक दारात पहिलं वाक्य तीच बोलली, “मी दिल्या. हिने नाही.” आणि प्रत्येक दारात मला पुढचं वाक्य बोलावं लागलं.

२४ मार्च

तक्रारीच्या चौकशीला दोन अधिकारी येऊन गेले. खोली, गाद्या, स्वयंपाकघर सगळं बघितलं. निर्णय कळवणार आहेत. तोवर जास्तीत जास्त तीन मुलं, आणि आईबापांना वाटेल तेव्हा येऊन बसायची मुभा. घरमालकांनी या महिन्याअखेर काय ते सांगतो म्हटलंय. सिस्टर कानात बोळे घालून झोपतात. नवं काही नाही, म्हणाल्या, इस्पितळातल्या रात्रपाळीच्या सगळ्याच घालतात, मी आधीच करायला हवं होतं. मला त्यांच्याकडे बघायचा धीर अजून होत नाही.

जुळ्या येतात. आणि आजपासून रेडिओ.

ती येईल असं मला वाटलं नव्हतं. सकाळी आई तिला हाताला धरून दारात उभी. चौकटीपाशीच थांबली. “आज सुट्टी घेतलीय. मी बसले तर चालेल? दिवसभर.”

“चालेल. रोज बसा.”

“रोज नाही जमणार,” ती म्हणाली. “म्हणून तर आज बघायचंय.”

ती भिंतीशी बसली, पाठ ताठ, पर्स मांडीवर. मी जेवण वाढताना ती माझे हात बघत होती. पाणी देताना पेल्यात बघत होती. मला राग आला नाही. मीही हल्ली तसंच बघते, स्वतःच्याच हातांकडे. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात, मी तर आता पाणीही फुंकून देते.

दुपार झाली. झोपायची सक्ती आता नाही. पडदे अर्धे उघडे ठेवते. गादीवर पडायचं, झोप आली तर झोपायचं, नाही आली तर चित्रांचं पुस्तक, पण हळू आवाजात. जुळ्या एका पुस्तकावर भांडत होत्या. रेडिओ आईच्या मांडीला टेकून चित्रातल्या हत्तीला काय झालंय ते सांगत होती. त्याचं पोट दुखतंय. त्याने साबण खाल्लाय. मग त्याच्या सोंडेतून फुगे येतायत.

मी दूध गरम करायला आत गेले. परत आले तेव्हा खोली गप्प होती.

पेले हातातून पडायचेच बाकी होते. शांततेने अजून माझं काळीज थांबतं.

रेडिओ उभी होती. डोळे टक्क उघडे, ओठांवर बोट. जुळ्याही तिच्यासारख्याच ओठांवर बोट ठेवून, गाल फुगवून, हसू दाबत होत्या. आणि भिंतीशी, मुलांच्या आखूड गादीवर, पाय बाहेर आलेले, पर्स पोटाशी धरून, रेडिओची आई गाढ झोपली होती.

“मावशी,” पोरीने कुजबुजत सांगितलं. तिला कुजबुजता येतं हे मला आजच कळलं. “आईला आपोआप झोप आली. आम्ही कुणी काही दिलं नाही.”

मी पेले खाली ठेवले. गुडघ्यांवर बसले आणि तिच्या नाकासमोर हात धरला. ऊब लागली. गेली. पुन्हा लागली.

मुलं माझ्याकडे बघत होती. मी हात मागे घेतला नाही.